चार गाण्यांच्या ईपीला अर्धवट म्हणू नका

संपादक महोदय,

रविवार पुरवणीत एका पोस्ट-पंक (पंक रॉकमधून पुढे आलेला रॉकचा प्रकार) बँडच्या नव्या ईपीचे, म्हणजे अल्बमपेक्षा छोट्या ध्वनिमुद्रिकेचे, परीक्षण वाचले. ‘चारच गाणी, बास दबलेला, काम अर्धवट’ एवढ्यात ते उरकले आहे. खान्देशातल्या मुलांना हे संगीत अशाच चार ओळींतून कळते, म्हणून हे पत्र.

ईपीत साधारण चार ते सहा गाणी असतात. आपल्याकडे अहिराणी गाणी तर एकेक करून येतात. त्यांना कोणी अर्धवट म्हणत नाही!

बासचा, म्हणजे खालच्या स्वरांचा, मुद्दा मात्र गंभीर आहे. पोस्ट-पंकमध्ये बरेचदा चाल बास गिटारवर असते आणि गिटार वरून खरवडत राहते. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. मोबाइलच्या स्पीकरमधून इतका खालचा स्वर येतच नाही. परीक्षकाने चांगला हेडफोन लावावा, इक्वलायझर बंद ठेवावा आणि ईपी सलग दोन-तीनदा ऐकावी.

दोष खरोखर तबकडीचाही असू शकतो. जॉय डिव्हिजन या इंग्लंडमधल्या पोस्ट-पंक बँडची पहिली ईपी १९७८ साली सात इंची तबकडीवर निघाली. चार गाणी तीत कोंबल्याने आवाज पडला. बाजू लांबली की खाचा दाटीने कापाव्या लागतात, मग आवाजाची पातळी आणि बास दोन्ही कमी करावे लागतात. त्याच वर्षी ती बारा इंची तबकडीवर पुन्हा निघाली आणि आवाज सुधारला. गाणी तीच होती. म्हणून गाणे आणि ध्वनिमुद्रण यांवर वेगवेगळे लिहावे, कशावर ऐकले तेही छापावे.

– काही वाचक, जळगाव