लालबागच्या खानावळवाल्या मावशींना

मावशी, शिरसाष्टांग नमस्कार.

घरी येऊन बोललो असतो तर तुम्ही "पुरे रे" म्हणून विषय बदलला असता. शिवाय हे आभार चारचौघांत मानायचे होते.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यांत माझे वडील. आई तुमच्याकडे भाकऱ्या थापायला येऊ लागली आणि शाळा सुटली की तिच्या मागोमाग मी. तुमचे जेवणारेही गिरणीतलेच. कोणी गाव गाठलं, कोणाची उधारी तुंबली. तरी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या आधाराने बँकेचं कर्ज काढून तुम्ही चूल पेटती ठेवलीत. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये हे मंडळ उभं केलं ते खानावळवाल्या बायकांसाठीच, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं, की मावशी बँकेत जाऊन स्वतः सही करून येतात.

मला तुम्ही नुसतं बसू दिलं नाहीत. आधी लसूण, मग तांदूळ निवडणं, आणि उन्हाळ्यात मसाला. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. मिरची मोडून पाहायची, कडक आवाज आला तरच वाळली म्हणायची. मग पिशव्या घेऊन मसाला गल्लीत, डंकावर म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर. "डंकापासून हलायचं नाही. आपला माल आपल्या डोळ्यांदेखत कुटून घ्यायचा." कुटल्यावर वजनात घट किती येईल ते तुम्ही आधीच सांगून ठेवायचात, जास्त आली तर मोठ्या माणसाला विचारायचं, तेही आवाज न चढवता. नाकातोंडात तिखट जायचं, डोळे चुरचुरायचे, पण मी हलायचो नाही. त्या मसाल्यावर वर्षभर माणसं जेवणार होती आणि तो माझ्या भरवशावर सोडलेला होता.

पुढे उधारीची वही माझ्याकडे आली. कोणाचं किती थकलंय हे बाहेर बोलायचं नाही, एवढीच अट. मजुरी तुम्ही माझ्या हातात द्यायचात, आईच्या नाही. परीक्षा आली की काम बंद. मी हट्ट केला तरी बंद.

आज 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. माझ्याच वयाची मुलं दिवसभर हॉटेलांत कपबश्या विसळताना मी पाहिली आहेत. शाळा नाही, खेळ नाही. कामाने त्यांना झिजवलं. कष्टाने माणूस घडतो असं सरसकट म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही. तुमच्याकडे काम माझ्या वयाला झेपेल एवढंच होतं, त्याचा हिशोब मला समजत होता आणि अभ्यासाची वेळ तुम्ही कधी खाल्ली नाहीत. पहिली नोकरी मी कोणाची चिठ्ठी न घेता मिळवली, ती या बळावर. आज एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराचं भांडार सांभाळतो. माल उतरताना काट्याजवळ मी स्वतः उभा असतो.

आईने तुमचे आभार तोंडाने कधी मानले नाहीत. तिच्या वतीनेही मानतो.

मे महिन्यात लेकीला घेऊन बदलापूरला तुमच्याकडे येतो. यंदा मसाला करताना मिरचीची देठं तिला काढू द्या. आणि मजुरी तिच्याच हातात द्या.

तुमच्या भाकरीवालीचा मुलगा