जहाजाच्या कोठारातून आई-बाबांना

मुंबई, 14 डिसेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचं पत्र पोचलं. फोनवर आपलं बोलणं "जेवलीस का" आणि "बाबांची शुगर किती" यापुढे सरकत नाही ही तुमची तक्रार रास्त आहे, म्हणून हे लांबण लावते आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. वर्षभर मी नक्की काय करत होते, आणि लोणावळ्याचं काय झालं. लोणावळ्याचं शेवटी लिहिते. आधी लिहिलं तर आई बाकीचं वाचणार नाही. आई, पान उलटू नकोस.

सुरुवातीलाच एक सांगते. समोरच्या काकू मला "आता तू कॅप्टन कधी होणार" असं विचारत होत्या. आई, हे तूच सांगितलेलं असणार. 2023 च्या डिसेंबरमध्ये नौदलातल्या प्रेरणा देवस्थळींना 'त्रिंकत' या युद्धनौकेची कमान मिळाली, तेव्हाचं कात्रण तू फ्रिजवर लावलंस तेव्हाच मला शंका आली होती. त्या एक्झिक्युटिव्ह, म्हणजे जहाज चालवणाऱ्या शाखेच्या. मी लॉजिस्टिक्सची. आमच्या शाखेला जहाजाची कमान मिळत नाही. माझ्याकडे कोठार आहे, पगार आहेत, सुटे भाग आहेत, आणि तीनशेच्या वर माणसांचं जेवण आहे. काकूंना हेच सांग. यात कमीपणा काही नाही.

आमची विनाशिका कोणती ते लिहीत नाही, का ते तुम्हाला माहीत आहे. आकार कळावा म्हणून 'कोलकाता'चं सांगते, ते सगळीकडे छापलेलं आहे: 163 मीटर लांब आणि सुमारे साडेसात हजार टन. एवढ्या पोलादात क्षेपणास्त्रं, टर्बाइनं, रडार, हेलिकॉप्टर मावल्यावर जी जागा उरते, तिच्यात माणसं आणि त्यांचे कांदे. नौसैनिकांचे बंक एकावर एक, आणि माझी केबिन आपल्या देवघराहून थोडीच मोठी.

आई, भाजीचं गणित तुला कळेल. बंदर सोडलं की पालेभाजी चार-पाच दिवसांत संपवायची, कारण शीतगृहातही ती पिवळी पडते. मग टोमॅटो, काकडी. फ्लॉवर-कोबी त्यापुढे. शेवटी उरतात बटाटा, कांदा आणि लाल भोपळा. भोपळ्याला नाकं मुरडणारी पोरं तिसऱ्या आठवड्यात तोच मागून घेतात. त्यानंतर डबाबंद मटार आणि कडधान्यं. मी मटकीला मोड आणायला सुरुवात केली तेव्हा आमचा मुख्य आचारी (केरळचा आहे, हाताला चव आहे, स्वभावाला नाही) म्हणाला, मॅडम, हे पाणी वाया घालवणं आहे. पाणी आम्ही समुद्राचंच करतो. दाब देऊन पडद्यातून गाळायचं, मीठ मागे राहतं. पण ते यंत्र बिघडलं की आंघोळी बंद. गुरुवारी नळाला पाणी नाही म्हणून बुधवारी रात्री तू घागरी, पिंप, पातेली सगळं भरून ठेवतेस ना, त्या बेतानेच इथले लोक वर्षाचे बारा महिने जगतात. मटकीला शेवटी परवानगी मिळाली. रविवारी मिसळ झाली, पंजाबी पोरांनी दोनदा घेतली, आणि मुख्य आचारी आता ती स्वतःची कल्पना म्हणून सांगतो.

वर्षाची सुरुवात परीक्षेने झाली. कोचीहून सागरी प्रशिक्षणाची टीम जहाजावर येते, हातात स्टॉपवॉच घेऊन. भर दुपारी कोणीतरी शांतपणे सांगतं, इंजिनरूममध्ये आग, या कंपार्टमेंटमध्ये पाणी, वीज गेली. मग सगळी माणसं पळतात. खोट्या आगीसाठी खरी धावपळ. तेव्हा माझे आचारी आचारी राहत नाहीत, कोणी होस धरतं, कोणी स्ट्रेचर. आणि अर्धी गॅली, म्हणजे जहाजावरचं स्वयंपाकघर, "जळाली" असं जाहीर झाल्यावर उरलेल्या अर्ध्या गॅलीतून तीनशे माणसांना, ती जिथे उभी आहेत तिथेच, खाणं पोचवायचं. ताट-वाटी नाही. पुरीत गुंडाळलेली सुकी भाजी आणि फ्लास्कमधला चहा. वर्तमानपत्रात युद्धनौका म्हटलं की क्षेपणास्त्र उडतानाचा फोटो असतो. आमच्या वर्षातला फार मोठा भाग हा असा, न लागलेल्या आगी विझवण्यात जातो.

मग एडनच्या आखाताकडची गस्त. 2008 च्या ऑक्टोबरपासून तिथे आपलं एक ना एक जहाज असतंच. चाचे कमी झाले होते, ते 2023 च्या शेवटी पुन्हा उठले, आणि त्याच सुमारास येमेनमधून हुथींनी व्यापारी जहाजांवर मारा सुरू केला. बाबा, तुम्ही 'रुएन'चं वाचलं होतंत. 2024 च्या मार्चमध्ये 'कोलकाता'ने ते पळवलेलं जहाज जवळपास 40 तास रोखून धरलं, सी-17 विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले, 35 चाचे शरण आले आणि 17 खलाशी सुटले. सगळ्यांना त्यात कमांडो दिसले. मला दिसली 35 जादा पानं. शरण आलेला माणूस उपाशी ठेवता येत नाही, आणि ते 35 जण मुंबईत पोलिसांच्या ताब्यात गेले 23 मार्चला. म्हणजे आठवडाभर त्यांना जेवू घालणारा कोणीतरी माझ्याच शाखेचा होता. त्याचं नाव कुठे छापून आलं नाही.

आमच्या गस्तीत असं काहीच घडलं नाही. व्यापारी जहाजं रेडिओवर हाक मारायची, आम्ही ओ द्यायचो. क्षितिजावर एखादी संशयास्पद होडी दिसायची, हेलिकॉप्टर वर जायचं, ती मासेमारीची निघायची. हे रोज. कंटाळा येतो, आणि कंटाळलेला माणूस चुकतो, म्हणून कामाच्या पाळ्या फिरत्या ठेवतात. चोवीस तासांचे चार-चार तासांचे सहा वॉच झाले तर तीन तुकड्यांत प्रत्येकीला रोज तीच वेळ येईल, मध्यरात्रीवाले कायम मध्यरात्री. म्हणून संध्याकाळच्या चार ते आठचे दोन तुकडे करतात, ते डॉग वॉच. सहाचे सात होतात आणि चक्र पुढे सरकतं. बाबा, हे तुम्ही आपल्या सोसायटीच्या वॉचमनना लावून बघा.

एकदा भर समुद्रात टँकरकडून तेल घेतलं. दोन जहाजं चाळीस-पन्नास मीटर अंतर ठेवून शेजारी-शेजारी, थांबून नाही, चांगल्या वेगात धावत असतात. मधलं पाणी चिंचोळ्या जागेतून जोरात जातं, दाब घटतो, आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. सुकाणूवरचा पोरगा दोन-अडीच तास अर्धा-अर्धा अंश सांभाळत उभा असतो. तेलाबरोबर तारेवरून पोती येतात. त्या दिवशी मी डेकवर होते, तेलासाठी नाही, बटाट्यासाठी. सलालाला थांबलो तेव्हा बाजारातून माल आला, त्यातल्या कांद्याच्या गोणीवर नाशिक लिहिलं होतं. ओमानचा भाव देऊन नाशिकचा कांदा. हिशोबनिसाच्या मुलीला काय वाटलं असेल ते बाबांनाच कळेल.

एप्रिलमध्ये परतलो. मी सुट्टीवर पुण्याला निघणार होते, आईने आंबे आणून ठेवले होते. 22 तारखेला पहलगाम झालं.

त्यानंतरचं फारसं लिहिता येणार नाही. नौदलाने 11 मेच्या पत्रकार परिषदेत जे सांगितलं तेवढं सांगते: हल्ल्यानंतर 96 तासांच्या आत अरबी समुद्रात शस्त्रं डागून तयारी पुन्हा तपासली गेली होती, आणि विमानवाहू ताफा, पाणबुड्या, जहाजं पुढे तैनात होती. माझ्या बाजूने त्याचा अर्थ असा की जो माल भरायला एरवी आठवडा लागतो तो रातोरात भरायचा. धक्क्यापासून कोठारापर्यंत माणसांची रांग लावली. त्यात डॉक्टर होते, पाणबुडे होते, एक्सओ, म्हणजे कॅप्टनखालचे दुसरे अधिकारी, स्वतः होते. पिठाची पोती हातोहात जात होती. कोणी काही विचारत नव्हतं. मी वहीत टिकमार्क करत होते आणि कोणी घरी काय सांगितलं असेल याचा विचार करत होते. मी तुम्हाला "काम आलंय" एवढंच सांगितलं होतं.

मग फोन बंद.

त्या 8 तारखेच्या रात्री टीव्हीवर कराची बंदर उडवलं म्हणून ओरडा चालला होता, आणि काकू पेढे घेऊन आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. आई, तू पेढा हातात धरून बसलीस आणि बाबांनी टीव्ही बंद केला, हेही आत्याने सांगितलं. नौदलाने कराचीवर काहीही डागलेलं नव्हतं. ज्यांना काही माहीत नव्हतं ते मोठ्याने सांगत होते, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना सांगता येत नव्हतं. मला राग पाकिस्तानपेक्षा त्या निवेदकांचा जास्त आला. तीनशे घरांतल्या आया ते ऐकत होत्या.

त्या दिवसांत मी काय केलं म्हणाल, तर रात्रीच्या वॉचला जाणाऱ्यांना गरम काहीतरी मिळेल एवढं पाहिलं. बाकी काम करणारे वेगळे होते. 10 मेला गोळीबार थांबला, नंतर फोन सुरू झाले, तेव्हा मेसबाहेर रांग लागली होती, आणि प्रत्येक जण घरी एकच वाक्य बोलत होता: हो, जेवलो.

पावसाळ्याचं थोडक्यात. नैऋत्य वारा सुटला की अरबी समुद्रात जहाज दोन्ही बाजूंना लोळतं. गॅलीत पातेल्यांभोवती आडवे गज लावतात, तळणं बंद, पोळ्या बंद, फक्त खिचडी. मला अजूनही पहिले दोन दिवस बोट लागते, आल्याचा तुकडा तोंडात धरून कोठार मोजते. गणपतीला आम्ही समुद्रातच होतो, मेसमध्ये आरास होती, मोदक मुख्य आचाऱ्याने केले, कळ्या पडल्या नाहीत, कोणी बोललं नाही.

आता जहाज गोदीत आहे, सुक्या गोदीत. पाणी काढून टाकलं की युद्धनौका विचित्र दिसते, जे दिसायला नको ते सगळं दिसतं. बुडाला चिकटलेले शिंपल्यासारखे जीव खरवडून काढतात, त्यांच्यामुळे वेग घटतो आणि तेल जास्त जळतं. झिजलेले जस्ताचे ठोकळे बदलतात, ते स्वतः गंजून पोलादाला वाचवतात. बाबा, याच गोदीच्या परिसरात वाडियांनी सागवानी युद्धनौका 'त्रिंकोमाली' बांधली, 1817 मध्ये, ती अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. आणि तिच्या साठेक वर्षं आधी, 1756 मध्ये, आपल्या पुण्याच्या दरबाराने इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गात बुडवलं. तुळाजी फार माजले होते हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. तरी जाळायला जहाजं इंग्रजांच्या हाती द्यायची नव्हती. 2022 पासून आमच्या निशाणावर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे, आणि तो रोज सकाळी वर चढताना पाहिला की मला नानासाहेब पेशव्यांचा थोडा राग येतो. सुट्टीत भांडू.

आई, जहाज गोदीत म्हणजे मुलगी सुखरूप, असं तू सगळ्यांना सांगतेस. तसं नाही गं. गेल्या वर्षी जुलैमध्ये 'ब्रह्मपुत्रा'ला आग लागली ती इथे गोदीत, दुरुस्ती चालू असताना, आणि एक नौसैनिक गेला. समुद्रात प्रत्येक माणूस आपला असतो आणि प्रत्येक दार कुठे उघडतं ते त्याला माहीत असतं. गोदीत वेल्डिंगच्या ठिणग्या, उघड्या केबल, बाहेरचे कामगार. रात्रपाळीला मी समुद्रापेक्षा इथे जास्त फेऱ्या मारते.

आता लोणावळा. बदलीसाठी पसंती विचारली होती. तिथल्या 'शिवाजी'वर, म्हणजे नौदलाच्या प्रशिक्षण तळावर, जागा होती, पुण्याहून दीड तास, दर शनिवारी घरी येता आलं असतं. मी पहिली पसंती जहाजाचीच लिहिली, लोणावळा दुसरं. मंजूर झालं आहे. आणखी एक वर्ष.

कारण सांगायला हवं. जहाज गोदीतून निघेल तेव्हा निम्मे लोक नवे असतील, कोचीची टीम पुन्हा येईल, सगळं पहिल्यापासून. कोणत्या पंपाचा सुटा भाग कुठे मिळत नाही, कोण पोरगा घरी पैसे पाठवत नाही आणि का, हे कळायला मला हे वर्ष गेलं. ते आता दुसऱ्या कोणाच्या हातात देऊन जायचं मला जिवावर आलं. आणि खरं म्हणजे मला तिथे आवडतं. हे कारण आधी लिहायला हवं होतं.

तुम्ही दोघंच आहात, बाबा 74 चे झाले, आईला जिना चढवत नाही, हे मी विसरलेले नाही. गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत करून टाकू. जहाज तेव्हा गोदीतच असेल आणि माझी महिन्याची सुट्टी मंजूर आहे. बाबा, डॉक्टरांकडे 9 फेब्रुवारीनंतरची तारीख मागा. दोन्ही गुडघे एकदम करायचे की एकेक, हे मी आल्याशिवाय ठरवू नका. खोली तळमजल्यावरची हवी, पाहुण्यांची खोली रिकामी करून पलंग खिडकीकडे लावा. पोळ्यांच्या बाईंना मार्चपर्यंत दोन्ही वेळचं विचारून ठेवा, पैसे मी पाठवते. आत्याच्या मुलाशी बोलले आहे, मी परत गेल्यावर फिजिओथेरपीला तो घेऊन जाईल, त्याला नको-नको म्हणू नका.

आणि आई, रक्त पातळ करायची गोळी ऑपरेशनच्या किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घे. काकूंचं ऐकून थांबवू नकोस.

तुमची,
मनू