प्रचाराचं गाणं हवंच, पण त्यात काहीतरी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'आजच्या पोरांना निवडणुकीत डीजे लागतो, मुद्दे कुणाला हवेत?' असं मोठी माणसं सर्रास बोलतात. मी नाशिकच्या सिडकोतल्या एका पथकात ढोल वाजवते. प्रचारफेऱ्यांतही वाजवलंय. म्हणून हे पत्र.

महापालिका निवडणुकीत पवननगर भागातून फेरी निघाली होती. पुढे आमचे ढोल-ताशे, मागे टेम्पोवर स्पीकरची भिंत. टेम्पो जवळ आला की आमचा ठेका आम्हालाच ऐकू येईना. काठीचा टोल ढोलाच्या पडद्यावर पडतोय एवढं फक्त हाताला कळायचं. गाणं एकच, पुन्हा पुन्हा. उमेदवाराचं नाव, चिन्ह आणि 'वाघ आला'. प्रभाग क्रमांक तेवढा भलत्याच आवाजात मध्ये जोडलेला. म्हणजे गाणं आधीच तयार, नाव-नंबर भरला की कुणालाही चालेल असं. पोरं मोबाइल वर धरून रील काढत होती आणि रात्री तेच गाणं निम्म्या कॉलनीच्या स्टेटसला होतं. पथकातल्या एका मुलीने, तिचं हे पहिलंच मतदान, एका कार्यकर्त्याला विचारलं, "निवडून आल्यावर हे काय करणार आहेत?" तो म्हणाला, "ताई, गाणं ऐकलं नाही का?"

त्याने ते अगदी मनापासून सांगितलं. मला मात्र त्या उत्तराचा अजून राग आहे.

कारण गाणं तरुणांना हलवतं हे नाशिकला कुणी शिकवायला नको. देशवंडी हे वामनदादा कर्डकांचं गाव, आपल्याच सिन्नर तालुक्यातलं. अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत बाबासाहेबांचा विचार त्यांनी गाण्यांतून नेला. त्याआधी भीमराव कर्डकांचे जलसे होते. शिक्षण, जातिभेद, मंदिरप्रवेश यांवर त्यात गाणी असत, वग असत, आणि लोक रात्र-रात्र बसून ऐकत. त्याहीआधी, 1909 साली, कविता छापल्या म्हणून याच नाशिकच्या बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. इंग्रज सरकारला चालीची नाही, शब्दांची भीती वाटली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे डफावर थाप मारून उभे राहिले, तेव्हा मागणी काय आहे हे ऐकणाऱ्याला घरी जाऊन दुसऱ्याला सांगता येत होतं.

आमच्या पिढीकडे मागण्या नाहीत का? इंजिनिअरिंग करून पुण्याची गाडी धरावी लागते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर लागलेली मुलं वर्षानुवर्षं कंत्राटीच राहतात. तपोवनातली झाडं वाचवायला रस्त्यावर उतरलेल्यांत कॉलेजची पोरं होती. गोदावरीच्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. यातल्या एकाही गोष्टीवर मी प्रचाराचं गाणं ऐकलेलं नाही. आणि शहरात रॅप लिहिणारी, पोवाडे म्हणणारी मुलं कमी नाहीत. त्यांना बोलवा, पैसे द्या, प्रभागाचे प्रश्न त्यांच्या हाती द्या. मग बघा आम्ही ऐकतो की नाही.

फेब्रुवारी 2017 नंतर महापालिकेसाठी मतदान व्हायला जवळजवळ नऊ वर्षं गेली. मतदानाचं वय 1989 मध्ये 21 वरून 18 झालं खरं, पण मधल्या काळात अठरा पूर्ण केलेल्या अनेकांनी पंचविशी गाठली तरी नगरसेवक निवडला नव्हता. एवढ्या वाट पाहिलेल्या मतदाराला नाव-नंबर भरलेलं गाणं ऐकवायचं, हा आमचा अपमान आहे.

गाण्यात काय नको, यावर निवडणूक आयोगाची नजर असते. 2024 च्या लोकसभेला एका पक्षाला प्रचारगीतातले शब्द काढायला सांगितले गेले, ते सगळ्यांनी वाचलं. पण गाण्यात काहीच नसेल तर त्याला हरकत कोण घेणार?

म्हणून आपल्याकडे एक विनंती. पुढच्या निवडणुकीत जाहीरनाम्यांसोबत आपल्या नाशिक आवृत्तीत उमेदवारांच्या प्रचारगीतांचे बोलही छापा. चाल नाही, डीजे नाही, नुसते शब्द, प्रभागवार. निवडून आलेल्यांचे सहा महिन्यांनी पुन्हा एकदा छापा. बोल उतरवून द्यायला आमच्या पथकातली मुलं तयार आहेत.

आपली,
एक ढोलवादक, सिडको, नाशिक