रात्रपाळीच्या मावशी, तुमचं कुलूप माझ्याकडे आहे

ती. मावशींना,
सा. न. वि. वि.

तुमचा फोन नंबर माझ्याकडे नाही. आपल्या नाशिकच्या हॉस्टेलच्या रखवालीचं कंत्राट बदललं आणि मी दिवाळीची सुट्टी संपवून येईपर्यंत तुम्ही गेलेल्या होतात. कुणी म्हणालं सातपूरला कामाला लागल्या, कुणी म्हणालं गावी गेल्या. म्हणून हे असं उघड लिहिते आहे. नात सारखी मोबाईलमध्ये डोकं घालून बसते अशी तुमची तक्रार असायची ना, तीच कदाचित वाचून दाखवेल.

पहिल्या वर्षाचा डिसेंबर आठवतो का? मी कळवणची, रूम पार्टनर भुसावळची. तिला पंखा फुल स्पीडवर असल्याशिवाय झोप यायची नाही. भर थंडीत! वाऱ्यासाठी नाही, आवाजासाठी, असं तिचं म्हणणं. निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला, तरी आमच्या खोलीत पंखा गरगरतोय आणि मी दोन गोधड्या अन् कानटोपी घालून पडलेली. ती रात्री दोनला दिवा मालवायची, माझा अलार्म साडेचारचा. आम्ही भांडलो असतो तर बरं झालं असतं. आम्ही बोलणंच टाकलं. ती बादली दारात ठेवायची, मी ती पायाने सरकवायचे, एवढाच संवाद.

ऑफिसात विचारलं तर, "अलॉटमेंट झालीय, आता वर्षभर बदल नाही." त्या रात्री मी जिन्यात रडत बसले होते आणि तुमच्या टॉर्चचा उजेड आला. पायांवर. तोंडावर मारला नाहीत, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

तुम्ही मला खाली नोटीस बोर्डापाशी नेलंत. तिथे अँटी रॅगिंगचा १८००-१८०-५५२२ हा नंबर होता. "ह्या नंबरावर सांगण्यासारखं काही आहे का? मारती का, पैसे मागती का, घाण बोलती का? असलं तर आत्ता लावू फोन." यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे ॲडमिशनच्या वेळी मी आणि अण्णांनी हमीपत्र भरलं होतं, पण न वाचताच सह्या ठोकलेल्या. तो नंबर कशासाठी असतो आणि कशासाठी नसतो, हे मला त्या रात्री कळलं. मी नाही म्हणाले. "मग तिचं नाव खराब होईल असं कागदावर काही लिहू नको."

मावशी, तेव्हा माझ्या दप्तरात दोन पानी तक्रार तयार होती. तिचे रात्रीचे फोन, मोरीत अडकलेले केस, सगळं तारीखवार. दुसऱ्या दिवशी ती मी फाडली.

तुम्हाला अख्ख्या हॉस्टेलच्या झोपेचं वेळापत्रक पाठ होतं. रात्रभर फेऱ्या मारणाऱ्या माणसाला कुठला दिवा कधी विझतो ते दिसतंच म्हणा. "बत्तीसमधली सिन्नरची पोरगी रात्री दोनपर्यंत जागती, अन तिची पार्टनर पहाटे पाचला केस धुती. त्या पण एकमेकींला वैतागल्यात." रिकामा बेड मागितला तर ऑफिस नाही म्हणणार, बेडला बेड बदली केला तर कुणाची फी बदलत नाही, जागा अडत नाही, मग नाही म्हणायला कारण काय?

पण अर्जाआधी तुम्ही माझ्या पार्टनरशी बोललात. ती म्हणाली, हिचा अलार्म वाजला की माझं डोकं उठतं, तीन महिने नीट झोपले नाहीये. माझ्या दोन पानांत हे कुठेच नव्हतं.

अर्जाचा विषय तुम्हीच सांगितलात: परस्पर संमतीने खोली बदलण्याबाबत. सिन्नरवालीची आणि माझी सही, दोघींच्या पालकांच्या सह्या. अण्णा त्या एका सहीसाठी दिंडोरीमार्गे एसटीने आले, सही केली, मिसळ खाल्ली आणि दुपारच्या गाडीने परत गेले. रेक्टर मॅडमनी अर्ज मंजूर केला. त्यांचेही आभार, पण ते मी ऑफिसात जाऊन मानलेत.

सामान हलवायच्या दिवशी तुमची ड्युटी संपली होती, तरी थांबलात. यादीवर टेबल, खुर्ची, ट्यूब, पंखा अशा खुणा चालल्या होत्या. तुम्ही कपाटाचं दार हलवून बघितलंत आणि म्हणालात, वरची बिजागरी आधीपासून तुटलेली आहे, हे लिहून घे, नाहीतर डिपॉझिटमधून कापतील. मॅडमची त्यावर सही होईपर्यंत तुम्ही मला किल्ली देऊ दिली नाहीत. बत्तीसमधल्या कपाटाला कडी होती, कुलूप नव्हतं. तुम्ही पिशवीतून एक छोटं पितळी कुलूप काढून दिलंत, "उद्या दे."

भुसावळवाली आता मेसमध्ये माझ्यासाठी जागा धरते. गेल्या आठवड्यात तिने घरून भरिताची वांगी आणली होती. मेसच्या काकूंनी ती गॅसवर भाजून दिली, तर ही म्हणाली तुरकाठ्यांवर भाजल्याशिवाय भरीत नाही, आणि मग सगळ्यात जास्त तिनेच खाल्लं.

तुमचं कुलूप द्यायचं राहिलं ते राहिलंच. किल्ली लाल दोऱ्यात तशीच ओवलेली आहे. मी सीबीएसला, म्हणजे एसटी स्टँडवर, दर शनिवारी दुपारी असते, नाहीतर सातपूरला येते. कुठे येऊ, तेवढं नातीकडून कळवा.

तुमची,
बत्तीस नंबर, खिडकीकडचा बेड