मराठी प्रबंध सीडीत गाडू नका!

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

परवा एका विद्यापीठात मराठीतला पीएच.डी. प्रबंध जमा झाला. सीडीवर नाव, विषय, सही-शिक्का सगळे होते. आतली फाइल कुणी उघडून पाहिली नाही. पदवी जाहीर करण्याआधी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत विद्यापीठ ग्रंथालये जोडणाऱ्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राला द्यायची, हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसी) २०१६चा नियम २०२२मध्येही कायम राहिला. त्यामुळे हा प्रबंध ‘शोधगंगा’ या तिथल्या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर चढेलही, पण शोधणाऱ्याला सापडणार नाही.

घोळ फाँटचा आहे. डीटीपीवाला कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप करतो. पडद्यावर ‘काम’ दिसते. फाइलमध्ये असतात डी, के, ई ही इंग्रजी अक्षरे. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणकावरच्या आजच्या प्रमाण देवनागरीत, ‘काम’ शोधले की हाती शून्य. काही ठिकाणी छापील प्रतच स्कॅन करतात, मग पीडीएफमध्ये शब्द नसतातच, नुसती चित्रे. वर्षानुवर्षे राबून केलेल्या अभ्यासाची ही माती तुमच्या खात्याला दिसत नाही का?

हे बांधणीआधीच निस्तरावे लागते. कृतिदेवचा मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, जोडाक्षरे फुटतात. पान न् पान वाचावे लागते. मग पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायची. मराठी उमटली तर फाइल बरी. पासवर्ड काढायचा. शीर्षक, सारांश, विषयशब्द देवनागरीत आणि रोमनमध्येही भरायचे. जुन्या प्रती ३०० डीपीआयने स्कॅन करून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढता येतात, त्याला मराठी वाचता येते. पेटंट अडत असेल तर प्रबंध काही काळ बंद ठेवता येतो, पण खुला करण्याची तारीख नोंदीत हवीच. नाहीतर तो कायमचा कुलपात.

हे सगळे विद्यार्थ्याला सांगायचे कुणी? ग्रंथालयांतली पदे रिक्त, काम कंत्राटी माणसाच्या गळ्यात. किती प्रबंध चढवले एवढेच वरून विचारतात. किती शोधता येतात, हे कुणी विचारत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, सत्कार झाले, भाषणे झाली. मराठीतले संशोधन मराठीत शोधता येत नाही, याची लाज कुणालाच वाटत नाही!

पुढच्या दीक्षान्त समारंभाआधी शासन निर्णय काढा. प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालयात युनिकोड जाणणारा एक कायम माणूस द्या. नोटपॅडची ही तपासणी झाल्याशिवाय फाइल स्वीकारू नये, असे त्यात स्पष्ट लिहा.

आपले,
विद्यापीठ ग्रंथालयांत काम करणारे