पुस्तकावरचे दुसरे नाव : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : मराठीतील पुस्तक-चित्रकार व चित्रकथाकार यांचे करार, मानधन आणि हक्क यांबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात राहणारी चित्रकार आहे. गेली २३ वर्षे मुलांच्या पुस्तकांसाठी, मासिकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रे काढते आहे आणि त्यांतली अलीकडची ९ वर्षे मुख्यतः चित्रकथा, म्हणजे ज्याला सगळे कॉमिक्स म्हणतात, ते करते आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला, त्या दिवशी सर्वांसारखा मलाही मनापासून आनंद झाला. पुढे भाषेसाठी काय करायला हवे याबद्दल जे काही लिहिले-बोलले गेले, ते मी आवडीने वाचत आले. कोश, बोली, हस्तलिखिते, अनुवाद, ग्रंथालये यांचा उल्लेख त्यांत वारंवार होता. ज्या पुस्तकांच्या आधाराने मूल पहिल्यांदा मराठी वाचू लागते, त्या पुस्तकांतली चित्रे काढणाऱ्यांचा उल्लेख मात्र माझ्या वाचनात आला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की मराठी पुस्तकाचा चित्रकार कायद्याच्या दृष्टीने आपल्या चित्रांचा निर्माता असला, तरी व्यवहारात त्याची गणना कागद आणि बांधणी यांच्यासारखी निर्मितीखर्चात होते. ही रीत बदलायची तर सुरुवात शासनाने स्वतःच्या प्रकाशनांपासून करावी, एवढीच माझी विनंती आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रकाशन संस्थेसाठी मी ३२ पानांची चित्रकथा केली. चित्रकथेच्या एका पानात साधारणपणे पाच-सहा चौकटी असतात. आधी कथेचे पानापानांत भाग पाडायचे, मग अंगठ्याएवढे कच्चे आराखडे करायचे, ते पसंत पडले की पेन्सिल, पेन्सिलीवर शाई, शाईनंतर रंग आणि सगळ्यांत शेवटी पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरे. एका पानाला मला सरासरी ३ दिवस लागतात, म्हणजे ३२ पानांचे ९६ दिवस झाले. त्याचे एकरकमी ४० हजार रुपये ठरले होते. निम्मे काम हाती घेताना मिळाले आणि निम्मे पुस्तक बाजारात आल्यावर सात महिन्यांनी. दिवसाला साधारण ४१७ रुपये पडले. त्याच सुमारास आमच्या घराच्या गिलाव्याचे काम चालू होते आणि गवंडीकाकांची हजेरी ८०० रुपये होती. त्यांची हजेरी त्यांच्या कसबाला साजेशीच होती. माझ्या कसबाचा दर असा निम्म्यावर का येतो, हे मात्र त्या वेळी मला कोणी सांगू शकले नाही आणि आजही सांगू शकत नाही.

या कामाचा करार म्हणजे एक पत्र होते आणि त्यात एकच वाक्य होते : ‘चित्रांचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील.’ मी सही केली, कारण आमच्यात सगळेच करतात. चार वर्षांनी त्या पुस्तकाची हिंदी आवृत्ती निघाली आणि पाठोपाठ त्यातलीच चित्रे शाळकरी वह्यांच्या वेष्टनांवर आली. ती वही मला माझ्या भाच्याच्या दप्तरात सापडली. हिंदी आवृत्तीत माझे नाव नव्हते, वहीवर तर नव्हतेच. फोन केला तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी अतिशय सौजन्याने सांगितले, ‘ताई, पैसे तेव्हाच दिलेत की तुम्हाला.’

स्वामित्वहक्क कायदा १९५७ सालचा आहे, पण तो मी वाचला या प्रसंगानंतर. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी हवे, कोणता हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी हे त्यात लिहिलेले हवे. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. ५७व्या कलमाप्रमाणे हक्क विकून टाकला, तरी ही कलाकृती माझी आहे असे सांगण्याचा निर्मात्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. स्वामित्वहक्क स्वतः निर्मात्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे ज्यांच्या मुखपृष्ठांवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या त्या दलालांच्या चित्रांवरील हक्काची मुदत २०३१ च्या अखेरीपर्यंत आहे. तरीही त्यांची आणि रघुवीर मुळगावकरांची चित्रे आज समाजमाध्यमांवर, शुभेच्छापत्रांवर नावावाचून फिरताना मी रोज पाहते. कायद्यात उणीव आहे असे मला वाटत नाही. तो कायदा चित्रकाराच्या टेबलापर्यंत मराठीत, सहीच्या आधी, कोणी पोहोचवलेला नाही.

प्रकाशकांना दोष देऊन मला मोकळे व्हायचे नाही. मुलांचे रंगीत पुस्तक हजार प्रतींच्या आवृत्तीत छापायचे, त्याची किंमत पालकाला परवडेल अशी ठेवायची आणि विक्रेत्याची सवलत सोसायची, यात लहान प्रकाशकाच्या हाती फारसे उरत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. अशा वेळी कात्री चित्रांच्या रकमेला लागते, कारण कागदवाला उधार थांबत नाही आणि चित्रकार थांबतो.

आपल्याकडे या कलेची उणीव कधीच नव्हती. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजातले चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्याने गात आले आहेत. चित्रांच्या त्या पोथ्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. ओळीने लावलेल्या चित्रांतून गोष्ट सांगणे ही आमच्या मातीतली जुनी विद्या आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी, आणि त्याच वर्षीच्या यादीत बंगालीतले थोर चित्रकथाकार नारायण देबनाथ यांचेही नाव होते. ती यादी मी कापून माझ्या कामाच्या टेबलासमोर लावली आहे. बंगालच्या मुलांना आपल्या भाषेत जन्मलेली, आपल्या गल्लीतली वाटणारी कॉमिक्सची पात्रे कित्येक दशके मिळाली, ती देबनाथांसारख्या माणसांमुळे.

आपल्या मुलांना काय मिळाले? अमर चित्रकथेचा कृष्णाचा पहिला अंक राम वाईरकरांनी काढला. ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकातला सुप्पंडी त्यांच्याच हातचा, शिकारी शंभू वसंत हळबे यांचा आणि कालिया कावळा प्रदीप साठे यांचा. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमर चित्रकथेसाठी पौराणिक आणि ऐतिहासिक अंक काढले आणि हिंदी कॉमिक्समधल्या नागराज या नायकालाही रूप दिले. साऱ्या देशाच्या मुलांनी पाहिलेली ही पात्रे मराठी हातांनी घडवली आणि मराठी मुलांपर्यंत ती आली ती दुसऱ्या भाषांतून, अनुवाद होऊन.

अनुवादित कॉमिक्स आपण स्वतः उघडून पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मूळ फुगा रोमन अक्षरांच्या मापाने काढलेला असतो. देवनागरीला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त लागते. तेच वाक्य त्याच फुग्यात बसवायचे तर टाइप बारीक करावा लागतो, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. नुकते वाचू लागलेले सात वर्षांचे मूल तिथे अडखळते आणि पान उलटते. मराठीसाठी मुळातून काढलेल्या चित्रकथेत मी फुगा आधी आखते आणि माणसे त्याच्या भोवती उभी करते. हे काम अनुवादातून होणार नाही, त्यासाठी मराठीत विचार करणारा चित्रकार लागतो आणि त्याचे घर त्या कामावर चालावे लागते.

वसंत सरवटे यांच्यासारखा अव्वल चित्रकार सिमेंट कंपनीत अभियंता म्हणून नोकरी करत होता. उरलेल्या वेळात त्यांनी मराठी साहित्याला जे दिले त्याला तोड नाही, पण पुढच्या पिढीने हीच व्यवस्था कायमची मानावी असे मला वाटत नाही. १९९१ साली एका दैनिकात सुरू झालेला ‘चिंटू’ वर्षानुवर्षे चालला, कारण दैनिकाने रोजची जागा आणि रोजचे काम दिले होते. रोजचे काम मिळाले तर मराठी चित्रकथा टिकते, याचा हा पुरावा आहे. माझ्या चित्रकलेच्या वर्गात शिकलेला, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत ‘अ’ श्रेणी मिळवलेला एक मुलगा पुढे उपयोजित कलेची पदविका घेऊन आला. माणसाच्या पाठीवरून त्याचा स्वभाव दाखवण्याची हातोटी मी त्याच्याइतकी कोणात पाहिली नाही. आज तो फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसांचे फलक जुळवतो. घर चालवायला त्याला ते करावे लागते आणि मी त्याला दुसरा सल्ला देऊ शकले नाही.

आता शासनाविषयी. मराठी मुलांसाठी चित्रे विकत घेणारा सर्वांत मोठा ग्राहक शासनच आहे. १९६७ साली स्थापन झालेली बालभारती पाठ्यपुस्तके काढते, १९७१ पासून ‘किशोर’ मासिक काढते, साहित्य आणि संस्कृती मंडळ, विश्वकोश निर्मिती मंडळ, राज्य मराठी विकास संस्था यांचीही प्रकाशने आहेत. शि. द. फडणीसांनी गणिताच्या पाठ्यपुस्तकांना जी चित्रे दिली, त्यांच्यामुळे एका पिढीची गणिताची धास्ती कमी झाली. पाठ्यपुस्तकात चित्रकाराचे नाव श्रेयनामावलीत छापले जाते, ही चांगली प्रथा आहे आणि तीच पुढे न्यायला हवी.

अडचण अशी की आमचे काम अनेक खात्यांत वाटले गेले आहे. बालभारती शालेय शिक्षण विभागाकडे, कला संचालनालय आणि ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्रशिक्षणाकडे, ज्येष्ठ कलावंतांचे मानधन सांस्कृतिक कार्य विभागाकडे आणि भाषा आपल्याकडे. चित्रकाराने अर्ज घेऊन जायचे कुठे, याचे उत्तर कोणत्याच टेबलावर मिळत नाही. म्हणून आपल्या विभागाने पालकत्व घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

सर्वांत आधी करार. शासनाचा पैसा लागणाऱ्या प्रत्येक प्रकाशनासाठी, अनुदान घेणाऱ्या खासगी प्रकाशकांसह, मराठीत दोन पानांचा एक नमुना करार असावा. त्यात चित्रे कोणत्या आवृत्तीसाठी, कोणत्या भाषेसाठी आणि किती वर्षांसाठी दिली हे लिहिलेले असावे, त्यापलीकडच्या वापराचा वेगळा मोबदला असावा, मूळ चित्रे चित्रकाराला परत मिळावीत आणि नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या बरोबरीने असावे. चित्रपुस्तक आणि चित्रकथा यांत रॉयल्टी दोघांत विभागली जावी, कारण तिथे गोष्ट दोघांनी मिळून सांगितलेली असते. पानाचा किमान दर ठरवून त्याचा दरवर्षी आढावा घ्यावा. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहेच, तोच दंडक आम्हाला लावला तरी आमची निम्मी चिंता मिटेल.

साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकाला हात देते. कथा, कविता, कादंबरी यांच्या शेजारी तिथे चित्रकथा हा प्रकार नावानिशी यावा आणि अनुदान छपाईबरोबरच चित्रे काढण्याच्या महिन्यांसाठीही असावे. राज्य वाङ्मय पुरस्कारांत पुस्तक-चित्रकारासाठी स्वतंत्र पुरस्कार ठेवावा. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमाचा बालसाहित्य पुरस्कार लेखकाला आणि चित्रकाराला वेगवेगळा दिला जातो, तेव्हा हे अवघड नाही. राज्यात ११ हजारांहून अधिक मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांच्यासाठी होणाऱ्या ग्रंथनिवडीत मूळ मराठी चित्रकथांचा वेगळा भाग केला आणि त्यातली थोडी पुस्तके जरी दरवर्षी खात्रीने विकत घेतली गेली, तर प्रकाशकाला हजाराच्या जागी तीन हजार प्रती छापण्याचे धैर्य येईल. चित्रकाराचा दर त्याशिवाय वाढणार नाही.

२०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स यांसाठीचे धोरण मंजूर केले. धोरणाच्या नावात कॉमिक्स हा शब्द आला याचे मला समाधान आहे. त्यातला ठरावीक वाटा मूळ मराठी चित्रकथेसाठी राखून ठेवावा, यासाठी आपल्या विभागाने आग्रह धरावा. स्टुडिओंना जागा आणि सवलती मिळतील, पण घरातल्या टेबलावर एकटे बसून ३२ पाने काढणारा माणूस स्टुडिओच्या व्याख्येत बसत नाही. संगणकाने आपोआप तयार केलेली चित्रे आता मुखपृष्ठांवर येऊ लागली आहेत, तेव्हा शासकीय आणि अनुदानित बालपुस्तकांत ती वापरू नयेत, हेही आजच ठरवून टाकावे.

नमुना कराराचा एक मसुदा मी आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या काही चित्रकारांनी, एका वकील मैत्रिणीची मदत घेऊन, मराठीत तयार केला आहे. तो दोन पानांचाच आहे. आपण एक तास दिलात, तर बालभारती, ग्रंथालय संचालनालय आणि साहित्य आणि संस्कृती मंडळ यांच्या अधिकाऱ्यांसमोर आम्ही तो वाचून दाखवू. मुंबईला यायचे असेल तर रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून सकाळी आम्ही मंत्रालयात हजर राहू शकतो.

आपली नम्र,
एक चित्रकथाकार,
कोल्हापूर