फक्त दहा रुपये

पुणे

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल आई बोलता बोलता सांगून गेली म्हणून कळलं, नाहीतर बाबा, तुम्ही ताकास तूर लागू दिली नसतीत. ‘बिल थकलंय, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार’ असा मेसेज आला, तुम्ही त्यातल्या नंबरवर फोन केलात, त्या माणसानं एक ॲप घ्यायला लावलं आणि म्हणाला, ‘फक्त दहा रुपये भरा.’ तेवढ्यात खरोखरच लाइट गेली, वायफाय बंद पडलं आणि खातं वाचलं. डिचोलीच्या पावसाचे एवढे आभार मी कधी मानले नव्हते! तसंही आपल्याकडे वीज कधी सांगून जाते का?

त्याला दहा रुपये नकोच होते. त्या ॲपमधून तुमच्या फोनवर दिसेल ते सगळं त्याला दिसणार होतं, म्हणजे कार्डाचा नंबर आणि मागोमाग येणारा ओटीपीसुद्धा. जन्मभर एकही बिल तुम्ही थकवलं नाहीत. त्यानं नेमकी तीच नस पकडली.

आई, तू विचारत होतीस ना, पैसे ‘घ्यायला’ पिन लागतो का? पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू ऐकून तू बाहेर जातेस, त्याचा कोड स्कॅन करतेस, पिन घालतेस. पिन तू घालतेस, पोदेर नाही. त्याला नुसती टुंग अशी घंटी ऐकू येते. तेव्हा पैसे मिळवण्यासाठी कुणी पिन घालायला सांगितला, तर फोन ठेवून दे. व्हिडिओवर पोलीस बनून कुणी ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणाला तरी तेच कर. कायद्यात तसली अटक नाही.

आता माझं ऐका. मार्चमध्ये पार्सलचा पत्ता ‘दुरुस्त’ करायच्या लिंकवर मी स्वतः कार्डाचा नंबर आणि ओटीपी घालून चार हजार घालवले. मी, ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी! आणि लाजेनं दोन दिवस कुणाला बोलले नाही. तेच महागात पडलं. रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम असा की, ओटीपी आपणच देऊन बसलो, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. मी गप्प बसले त्या दोन दिवसांत कार्डावरून आणखी दोनदा पैसे गेले.

म्हणून काही झालं तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, मग बँकेला, मग मला. रात्री दोन वाजले असले तरी चालेल. मी ओरडणार नाही. (आई ओरडेल, तो तिचा हक्क.)

ते ॲप अजून फोनमध्ये असेल. आजच काढून टाका आणि बँकेचा पासवर्ड आईच्या फोनवरून बदला. काढलंत की कळवा. चवथीला दोन दिवस आधीच येते, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला.

तुमची,
पमी